रेवणप्पाच्या गाडीचा डावा कार्बोरेटर

मी एक कार्बोरेटर बोलतोय. जुन्या मोटारसायकलीच्या पोटाशी डाव्या अंगाला बसलेला. उजवीकडं माझा जुळा भाऊ आहे. वाऱ्यात चिमूटभर पेट्रोल कालवायचं आणि इंजिनाला पाजायचं, एवढंच आमचं जन्माचं काम. ते दोघांनी एका दमात करावं लागतं, नाहीतर सगळंच बिघडतं.

जन्म कुठं झाला ते आठवत नाही. भट्टीची ऊब तेवढी आठवते. कळायला लागलं तेव्हा मी सोलापुरात होतो, यंत्रमागावर चादरी विणणाऱ्या रेवणप्पाच्या गाडीत. मागं बसव्वा, त्याची बायको. अक्कलकोटच्या रस्त्यानं दोन्हीकडं ज्वारी डोलायची आणि आम्ही भाऊ वारा पीत जायचो. ते दिवस मला अजून अर्धवट झोपेत दिसतात.

मग त्यांचा मुलगा दिपक पुण्याला नोकरीला गेला, रेवणप्पाचे गुडघे कुरकुरायला लागले आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली गेली. माझ्यातलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला. मी झोपलो. झोपेत सारखा वारा दिसायचा. वारा दिसत नसतो म्हणे, मला दिसायचा.

जाग आली ती पेट्रोलच्या भगुल्यात. दिपकनं फोनवर आईला सांगितलं होतं, दसऱ्याला येतो, तोवर गाडी नीट चालली नाही तर भंगारात देऊन टाकू. रेवणप्पानं ते फार मनाला लावून घेतलं. मिस्त्रीकडं जायचं नाव काढेना. जन्मभर माग खोलून बसवले, हे बोटभर भांडं काय जड, असं त्याचं म्हणणं. जुनी चादर अंथरून त्यानं आम्हाला सुटं केलं, बारीक भोकं फुंकून साफ केली, नवी रबरं घातली. हात काय हलका होता त्याचा!

गाडी सुरू झाली, पण धूर ओकायची आणि मंद्रूपच्या वाटेवर जरा चढण आली की आचके देऊन थांबायची. पुन्हा आम्ही चादरीवर. पुन्हा तेच. खोट आमच्यात नव्हती. मागावरच्या माणसाला तळव्याखाली दणका आला की यंत्र ठणठणीत वाटतं. रेवणप्पा टाकीवर हात ठेवायचा, जोरात हादरा येईपर्यंत माझा स्क्रू पिळायचा आणि खूश व्हायचा. मी पुढं पळायचो, भाऊ मागं फरफटायचा. दोघांचे आवाज वेगळे निघायचे. ते कुणालाही ऐकू आले असते. पण मागांच्या खडखडाटानं रेवणप्पाचे कान केव्हाच गेले होते, आणि ते तो कबूल करत नव्हता.

बसव्वा उंबऱ्यात विड्या वळत बसायची. तिला सगळं ऐकू यायचं. बोलायची सोय नव्हती. बोललं की तो फणफणायचा, मी काय बहिरा हाय? पण दसरा तोंडावर आला तसं तिला राहवेना. मांडीवरचं सूप खाली ठेवून ती चालू गाडीपाशी आली, त्याचा हात धरला आणि तळव्यावर बोटानं ठोके द्यायला लागली. एक माझा, एक भावाचा.

"डावं लई पुढं पळतंय," त्याला ओठ दिसतील अशी समोर येऊन ती म्हणाली.

आता हा भडकणार, असं मला वाटलं. पण त्यानं तळवा तिच्याच हातात राहू दिला. मग दुसऱ्या हातानं तो माझा स्क्रू हळूहळू मागं फिरवू लागला. तिचे ठोके जवळ येत येत एक झाले. हादरा गेला. त्याला वाटलं गाडी बंद पडली. तिनं मान हलवून सांगितलं, चालू आहे. आम्ही भाऊ किती वर्षांनी एका दमात श्वास घेत होतो. मला फार बरं वाटलं.

"आनि काय काय ऐकू येत न्हाय मला?" त्यानं विचारलं.

"मी हाक मारते ती."

रेवणप्पानं किल्ली फिरवली. अंगण शांत झालं. कान तिच्याकडं करून तो म्हणाला, "आता मार."

त्यांच्या कानडी घरात नवऱ्याला 'री' अशी हाक मारतात. तिनं मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला त्यानं ओ दिली.

दसऱ्याला दिपक आला, गाडीवर एक चक्कर मारून आला आणि भंगाराचं नावही काढलं नाही. मी आता जागा आहे, कामाला लागलोय. तुमच्याकडं एकच मागणं आहे. घरात कुणी हाक मारत असेल, तर मला खुशाल बंद करा. मी थांबेन.