वहीतले सोळा दिवस

माझा धाकटा भाऊ फरशी बसवायचा. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत गुडघ्यांवर काढली. डाव्या टाचेवर काळा डाग दिसला तेव्हा त्याला वाटलं, फरशीचा कोपरा लागून रक्त साकळलं असेल. डाग वर्षभर तसाच राहिला, मग पसरला, मग ओला राहायला लागला. दुखणं अंगावर काढायची आमच्या घरातच सवय. शेवटी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी टाच बघितली आणि खुर्ची पुढे ओढून बसले. मी मनात म्हटलं, हे काही बरं नाही.

त्याला मेलानोमा म्हणतात. कातडीचा कॅन्सर. आम्हाला कळेपर्यंत तो टाचेतून जांघेत आणि जांघेतून फुप्फुसात गेला होता. टाचेची कातडी काढली, जांघेतल्या गाठी काढल्या, त्या परत आल्या. नेहमीच्या औषधाने गुण आला नाही. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक ट्रायल चालू आहे, नवीन औषध माणसांवर तपासून बघतायत. गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो, आणि नको वाटलं तर कधीही बाहेर पडा, कोणी रागावणार नाही. बावीस पानांचा कागद दिला. धाकट्याने तो घरी आणून तीन दिवस बोट ठेवून वाचला आणि सही केली. त्यातलं एकच वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं. गंभीर त्रास झाल्यास औषध थांबवण्यात येईल.

घरात आम्ही दोघंच. त्याने लग्न केलं नाही, आणि माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे आले ती आलेच. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, बायको केली असती तर ती कधीतरी माहेरी तरी गेली असती, ताईचं माहेर इथंच आहे.

ट्रायलच्या नर्सने आम्हाला एक वही दिली. रोज एक पान. ताप किती, अंगावर पुरळ आहे का, शौचाला किती वेळा, दुखणं शून्य ते दहात किती. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचे, त्याआधी ती वही तपासायची. धाकट्याने पहिल्याच दिवशी नर्सचं नाव हेडमास्तरीण ठेवलं. त्याची बोटं सिमेंटने खाल्लेली, पेन धरला की आखडायची, म्हणून वही माझ्याकडे आली. तो सांगायचा, मी लिहायची.

सलाईनच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर एक रिटायर झालेला बस कंडक्टर असायचा. त्याला हाच कॅन्सर पाठीवर झाला होता. गडी बोलका. नर्स आली की म्हणायचा, पुढे सरका, पुढे जागा आहे. धाकट्याचं आणि त्याचं चांगलं जमलं. एके दिवशी कंडक्टरने वही दाखवताना सरळ सांगितलं की दोन दिवस झाले, सात-सात वेळा जावं लागतंय. नर्सने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दोघी हळू आवाजात बोलल्या आणि त्याची सलाईनची पिशवी न लावताच परत गेली. त्याला दुसऱ्या मजल्यावर नेलं. पुढच्या खेपेला त्याची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्या खेपेला तिथे दुसरंच कोणीतरी.

"उतरवला त्याला," धाकटा घरी येताना म्हणाला. "तोंड उघडलं आणि उतरवला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गेला असणार बिचारा."

मीही तेच धरून चालले. नर्सला विचारायचं आम्हाला सुचलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटली.

बारा आठवड्यांनी स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जांघेतली गाठ निम्मी झाली होती. फुप्फुसातले ठिपके मला आधीही दिसले नव्हते, पण त्या म्हणाल्या, तेही आकसलेत.  घरी येऊन धाकट्याने कामाच्या पिशवीतून रबरी हातोडी आणि पातळी बघायची लेव्हल काढली, पुसली, परत ठेवली. दुसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून म्हणाला, तुमच्या गॅलरीचं काम माझ्यासाठी थांबवा, दोन-तीन महिन्यांत येतो.

त्यानंतर आठवड्याने त्याचं पोट बिघडलं.

पहिल्या दिवशी चार वेळा. मी वही घेऊन बसले तर म्हणाला, एक लिही. मी म्हटलं, अरे चार झाल्या ना. तो म्हणाला, भाताने झालं असेल, उद्या थांबेल, उगाच कशाला. मी एक लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाच. मी पेन खाली ठेवला. आमच्यात तेव्हा चांगली जुंपली. मी म्हटलं, ती बाई विचारतेय ते उगाच विचारते का? त्यांनी सांगितलंय, काही झालं तर फोन करा. तेव्हा तो माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसला.

"ताई, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या बाजूने चाललंय. तू लिहिलंस तर ते थांबवतील. मला मरायचं नाहीये गं."

साठीचा माणूस. लहानपणी पडला, आपटला तरी माझ्याकडे असा बघायचा नाही. मी एक लिहिलं.

पुढे सात, आठ. त्याने मोजू देणं बंद केलं, पण दोन खोल्यांच्या घरात पाण्याचा आवाज लपत नाही. मी ओट्यापाशी उभी राहून मनात मोजायची आणि वहीत एक किंवा दोन लिहायची. दुखणं विचारलं की तो हात झटकायचा, शून्य लिही. मी शून्य लिहायची. नवव्या दिवशी सलाईनची तारीख होती. सकाळपासून त्याने काही खाल्लं नाही, म्हणजे तिथे गेल्यावर शौचाला जावं लागणार नाही. हेडमास्तरणीने वजन केलं, तीन किलो कमी. तिने वही उलटीपालटी केली, त्याच्याकडे बघितलं, पोट ठीक आहे ना विचारलं. तो म्हणाला, कामाला लागलोय, वजन उतरणारच. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, मावशी, खरंच ना? मी फरशीकडे बघत मान हलवली. औषध लागलं.

त्यानंतर रक्त पडायला लागलं. तेही त्याने मला सांगितलं नाही, टॉवेलावर मला दिसलं. मी म्हटलं, आज फोन करते. तो म्हणाला, चार दिवस थांब, पुढचा स्कॅन आला की मीच सांगतो. मी थांबले. माझ्या हातात फोन होता आणि मी थांबले.

सतराव्या दिवशी सकाळी तो उठू शकला नाही. पोट फळीसारखं कडक, अंगाला गार घाम. गाडी करून हॉस्पिटलात नेलं. इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरने विचारलं, हे कधीपासून? धाकट्याला बोलवत नव्हतं. त्याने फक्त माझा हात धरला आणि दाबला.

मी म्हटलं, "कालपासून."

ते कशासाठी म्हटलं, हे मी स्वतःला आजवर समजावू शकलेले नाही. तोपर्यंत ट्रायल कसली आणि काय. पण सोळा दिवस जे लिहिलं तेच तोंडातून बाहेर पडलं. डॉक्टरने बाहेरचं काही खाल्लं होतं का ते विचारलं, वही बघितली, वहीत काल दोन वेळा. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, स्कॅन झाला, आतडं फुटलं होतं. संध्याकाळी ऑपरेशन केलं. त्यानंतर तो पाचच दिवस होता. नळ्या असल्यामुळे बोलला नाही. चौथ्या दिवशी डोळे उघडून खोलीच्या जमिनीकडे बघत होता. तिथल्या फरशीचे सांधे वाकडे होते. मला वाटतं त्याने ते बघितले.

दीड महिन्याने नर्सचा फोन आला. आवाज हळू होता. म्हणाली, मावशी, घाई नाही, पण जमेल तेव्हा वही आणून द्याल का, ती बाकीच्या पेशंटसाठी लागते. मी विचारलं, आता तिचा काय उपयोग? ती म्हणाली, या औषधाने पोटाला त्रास होतो हे माहीत आहे, पण तो आधी काही दिवस कळतो. तुमच्या भावाचं काहीच न कळता झालं, म्हणून डॉक्टर चक्रावलेत. अजून एकतीस जण हेच औषध घेतायत. त्यांना काय सांगायचं, ते ठरवायचंय.

मी म्हटलं, आणते. मनात ठरवलं होतं, वही टेबलावर ठेवायची आणि परत फिरायचं. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं नाही.

लिफ्टपाशी कोणीतरी पाठीमागून म्हणालं, पुढे सरका, पुढे जागा आहे. मी वळले. कंडक्टर उभा होता. अंगाने भरला होता, गालावर रंग होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्याला मी काय विचारलं ते आठवत नाही. तोच सांगत होता. पोटाचं सांगितल्यावर लगेच ॲडमिट करून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, दहा दिवसांत पोट जाग्यावर आलं. औषध थांबवलं ते थांबवलंच. चार महिने झाले, औषध नाही, पण गाठी परत आल्या नाहीत. शरीर एकदा लढायला शिकलं की कधीकधी औषधाविनाही लढत राहतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता फक्त तीन महिन्यांनी दाखवायला येतो, म्हणून त्या खोलीत दिसत नाही.

"आणि आमचा फरशीवाला कुठाय?" त्याने माझ्यामागे बघत विचारलं. "त्याला म्हणावं, बाथरूम फोडून ठेवलंय, येऊन बघ जरा."

मी सांगितलं. तो लिफ्टमध्ये चढला नाही. मीही चढले नाही, जिन्याने गेले.

नर्सच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचं कपाट. तिने वही घेतली आणि उघडायच्या आधी मी म्हणाले, यातले शेवटचे सोळा दिवस खोटे आहेत. सगळं सांगितलं. कोणी काय म्हटलं, कोणी काय लिहिलं, इमर्जन्सीत काय बोलले ते.  शेवटी तिने विचारलं, "नवव्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

ती उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने पाण्याचा ग्लास घेऊन आली. तो माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, आता नीट करू. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, आजची तारीख आणि सही. मग त्या एकतीस जणांना फोन करायला ती आजच सुरुवात करेल.

मी पेन घेतला. एकवर रेघ, चार. एकवर रेघ, पाच. दोनवर रेघ, आठ. कुठे आकडा आठवायला वेळ लागला तर ती थांबायची. रक्त दिसलं त्या दिवसापाशी तिने समासात तेही लिहायला सांगितलं. शौचाचे सगळे आकडे झाले. ओट्यापाशी उभं राहून मोजलेलं एकही माझ्या मनातून गेलं नव्हतं.

मग तिने पहिल्या दिवसाचं पान परत काढलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दुखणं, शून्य ते दहा. सोळा पानांवर सोळा शून्यं होती. ती म्हणाली, हे किती असेल?

मी पहिल्या शून्यावर रेघ मारली आणि पेन तसाच धरून बसले. तो शून्य म्हणायचा, मी शून्य लिहायची. लिहून झाल्यावर वही मिटून एकदाही त्याला विचारलं नव्हतं, की बाबा रे, वहीचं सोड, मला सांग, किती दुखतंय.

"माहीत नसेल तर तसंच लिहा," ती म्हणाली. "अंदाजे नको."

मी लिहिलं, माहीत नाही. तारीख घातली, सही केली, आणि पुढच्या पानाला हात घातला.