पुसट आकडा

मिस्त्री हातातली डाय पेटीतल्या रिकाम्या खाचेत ठेवायला गेले, तर चाकांसाठीची, वापरून गुळगुळीत झालेली डाय शेजारच्या खाचेत दिसली. मग हातातली कुठली?

ही गोल चकती स्टडवर, म्हणजे चाकाचा नट बसतो त्या दांडीवर, फिरवली की दबलेले आटे पुन्हा नीट होतात. पण माप तेच हवं. दोन आट्यांमधलं अंतर केसभर वेगळं असलं, तरी ती आटे नीट करायचं सोडून कापूनच टाकते. मिस्त्रींनी खिशातला चष्मा चढवला आणि चकतीवरचा पुसट आकडा उजेडात धरला. चुकीचीच होती.

अर्ध्या तासापूर्वी हीच डाय त्यांनी लेकीच्या गाडीला लावली होती. पुढचं चाक, पाचांपैकी तीन स्टड. जड फिरली तेव्हा त्यांनी गंजाला शिव्या घातल्या. मग नट बोटांनीच सुळकन आत गेले, तर वर ऐटीत म्हणाले, "बघा जावईबापू, लोणी!" पान्याने आवळताना शेवटी हाताला जरा मऊ लागलं होतं, पण गप्पांच्या नादात तेही राहून गेलं. आणि चष्मा? जावयासमोर म्हातारं कशाला दिसायचं!

त्यांनी लावलेला लेकीचा फोन वाजून वाजून बंद झाला. जावयाचाही. मिस्त्रींनी स्कूटर काढली. दुकानाला कुलूप घालायचंही भान राहिलं नाही.

पुढे पुलापर्यंत सगळा उतार. दोन वर्षांची नात मागच्या सीटवर झोपते, हे त्यांना ठाऊक होतं. वळणावर माणसांचा घोळका दिसला आणि त्यांनी स्कूटर तिकडेच घातली. जवळ जाऊन पाहतात, तर ट्रकमधून सिमेंटची पोती सांडलेली आणि दोघं ड्रायव्हर हमरीतुमरीवर आलेले. मिस्त्रींना रडू फुटायचं बाकी होतं.

पुलाच्या अलीकडे ती गाडी उभी दिसली. दारं सताड उघडी. आत कुणीच नाही.

"अगं ए!" त्यांनी हाक मारली.

लेक गाडीमागे कठड्याशी उभी होती, पोर कडेवर. जावई चाकाशी उकिडवा बसला होता.

"बाबा, तुम्ही इथे कसे?" तो म्हणाला. "चाक खडखडत होतं म्हणून हिने थांबवायला लावलं. हा नट आवळतोय, तर नुसताच फिरतोय. दुसरा एक तर पडलाच कुठेतरी. आता जरा हळूहळू नेतो—"

"चाक एक इंचही हलवायचं नाही!" मिस्त्री ओरडले. पोर दचकून रडायला लागलं. मग ते रस्त्यावरच बसले आणि सगळं सांगून टाकलं. चष्म्याचंसुद्धा.

जावयाने पाना जमिनीवर ठेवला आणि हात पुसत राहिला, पुसतच राहिला.

"नवे स्टड आणतो, इथेच बसवतो," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही रिक्षाने घरी जा."

लेकीने पोरीला थोपटलं.

"बाबा, ती डाय चुकीच्या खाचेत कधीपासून होती?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. सोमवारी पेटी हातातून पडली होती. सगळ्या चकत्या त्यांनीच अंदाजाने भरल्या होत्या. आज शुक्रवार.

"मधे आणखी कोणाच्या गाड्या केल्यात?"

"बेकरीवाल्याची," ते म्हणाले. "आणि शाळेची व्हॅन."

जावयाने घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. मिस्त्री फोनमध्ये शाळेचा नंबर शोधत राहिले. लेकीने फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतःच लावला.