हात धुऊन झाल्यावर

मूल गावच्या बसस्टँडवर, बायकांच्या संडासाच्या दाराशी बायनाबाई बसायची. बुडाखाली लाकडी स्टूल, पायाशी फिनाइलची बाटली आणि मांडीवर बुरडाकडून आणलेली बांबूची टोपली. टोपलीत जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला. त्यावर मोबाईल ठेवलेले असत, कधी दोन तर कधी पाच. आत गेलेल्या बायकांचे.

"बायनाबाई, तुमचं त मोबाईलचं दुकानच झालं," शेजारी शेंगदाणे विकणारा वामनराव म्हणायचा.

"हो न भाऊ. तुमच्या दाण्यापेक्षा चांगलं चालते."

मोबाईल नवेनवे निघाले होते तेव्हाची गोष्ट. चार वर्षांपूर्वी तो फक्त ठेकेदाराच्या वरच्या खिशात दिसायचा. मग मास्तरणींकडे आला, नर्सबायांकडे आला, आणि बघता बघता धानाच्या बांधावरून उठून आलेल्या बायकांच्या कमरेच्या पिशवीतही वाजू लागला. बायका तो घेऊन आत जाऊ लागल्या, आणि बायनाबाईच्या डोक्याला ताप झाला.

एक तर आत गेलेली बाई बाहेरच येईना. बाहेर लेकुरवाळ्या बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभ्या, आणि आत हिचं सासूशी भांडण चाललेलं. एका मास्तरणीनं तर आतूनच साहेबाला सांगितलं, "मी शाळेतच आहे सर, परिपाठ चाललाय," आणि नेमका तेव्हाच भोंग्यावर कंट्रोलरचा आवाज आला, सिंदेवाही-नागभीड गाडी फलाट तीनवर लागली आहे. रांगेतल्या बाया पदर तोंडात धरून हसल्या. पण दुसऱ्या एकीच्या फोनमधून मोठ्यानं बाप्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा कोणी हसलं नाही. शेजारच्या खोलीतली म्हातारी तशीच उठून बाहेर आली. "माणूस बोलून राह्यला व आत! कसं बसावं बाईमाणसानं?"

मग दोन फोन संडासाच्या भांड्यात पडले. पहिला गेला तो गेलाच. दुसरा बायनाबाईनं कोपरापर्यंत हात घालून काढून दिला. त्या बाईनं तो नळाखाली धरून चांगला धुतला, आणि त्यात जो काही जीव उरला होता तोही घालवला. त्या दिवसापासून बायनाबाईनं टोपली मांडीवर घेतली. "फोन इथी ठेवाचा, मंगच आत जाचं."

लोकांना वाटायचं, ठेकेदाराचा नियम असेल. तो बायनाबाईचा स्वतःचा होता, आणि भांडं तुंबण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

तिचं गाव तळ्याकाठचं. घर ढिवराचं, मासोळीवर चालणारं. तिकडे एक रीत होती. हातात टमरेल घेऊन निघालेल्या बाईला हाक मारायची नाही. समोरून आली तर आपण नजर दुसरीकडे करायची. ती परत येईपर्यंत, हातपाय धुईपर्यंत तिला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. पोरांनासुद्धा ठाऊक असायचं. माय तिकडे गेली म्हणजे भूक लागली तरी ओरडायचं नाही.

एकदा ती तशीच पहाटे बाहेर गेली होती. परत येताना विहिरीवर बाया उभ्या दिसल्या. एकीनंही घागर आत सोडली नव्हती. सगळ्यांनी माना वळवल्या, आणि ते रीतीचंच होतं, म्हणून बायनाबाईला काही वाटलं नाही. दाराशी सासू उभी होती, रुखमा. तोंडाची फटकळ बाई, सुनेला कधी गोड बोलली नाही. त्या दिवशी तिनं स्वतः पाण्याचा गुंड उचलला आणि सुनेच्या हातावर पाणी ओतलं. "हात धू. पाय धू नीट." मग आत नेऊन खाली बसवलं, दोन घोट पाणी पाजलं, आणि मग सांगितलं. पोचू जाळं सोडवायला तळ्यात उतरला होता. पाय जाळ्यात गुंतला. लोकांनी त्याला तळ्याच्या पाळीवर काढून ठेवलं होतं.

पोचू तिचा नवरा होता, पण रुखमाचा तो पोटचा पोरगा होता. तिनं ते एवढा वेळ तोंडात दाबून धरलं, सुनेचे हात धुऊन होईस्तोवर. पुढे तीस वर्षं बायनाबाईला आयुष्यात कोणी आपल्यावर माया केली असं म्हटलं की तेवढंच आठवायचं. ते हातावर पडणारं थंड पाणी.

म्हणून स्टँडवर फोन वाजला की ती त्याकडे बघायची, पण हात लावायची नाही आणि आत हाकही द्यायची नाही. बाई बाहेर येई, नळावर हात धुई, पदराला पुसे, तेव्हा बायनाबाई टोपली पुढे करायची. "वाजला होता व तुझा." प्रत्येकीचा फोन ती बरोबर ओळखायची. कधी अदलाबदल झाली नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. धानाची मळणी चाललेली, बायकांच्या केसांत अजून भुसा. गडचिरोलीहून चांद्याला जाणारी गाडी लागली आणि कंडक्टर ओरडला, "दहाच मिनटं थांबन!" रांगेत पंचविशीची एक पोरगी आली. धानोऱ्याकडून पहाटेच निघालेली, डोळे सुजलेले. तिच्या फोनला लाल दोरा बांधलेला होता.

"ठेव बाई इथी."

"आजी, आज राहू द्या न माझ्यापाशी. माय दवाखान्यात हाये चांद्याले. भावाचा फोन येईल."

बायनाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "नाव काय तुझं?"

"रोशनी."

"हे पाह्य रोशनी, तासाभरात पोहोचते गाडी. जाऊन मायलेच भेटशीन न. दोन मिनटात काय होते?"

"तरी बी आजी..."

"आत हातातून सुटला त मंग काहीच नाई राह्यत. मागं दोघीइचे गेले."

मागून एक जाडजूड बाई ओरडली, "जा न व पोरी! नाई त आमाले तरी जाऊ दे. इथी जीव जाऊन राह्यला!"

रोशनीनं फोन टोपलीत ठेवला. ठेवून पुन्हा एकदा त्याच्यावर हात फिरवला आणि आत गेली. शेवटची, पलीकडच्या टोकाची खोली तिला मिळाली. तिथला नळ बारीक धारेनं यायचा.

दोन मिनिटं झाली असतील. फोन वाजला. त्यातून लहान मूल खदखदून हसल्याचा आवाज निघाला. तेव्हा तसली घंटी पुष्कळ जणांकडे असायची. रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या, कुणाचं लेकरू म्हणून. मूल हसत राहिलं, थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा हसायला लागलं.

"उचला न बाई," वामनराव म्हणाला. "त्या पोरीचाच हाये न?"

"दुसऱ्याचा फोन उचलाचा नसते भाऊ."

"मंग आवाज द्या तिले."

बायनाबाई उठली. टोपली तशीच घेऊन आत शेवटच्या दारापर्यंत गेली. आत बारीक नळाखाली डबा भरत होता. तिनं दार ठोठावायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. दवाखान्यातून एवढ्या घाईनं कोण काय सांगणार? चांगलं असतं तर माणसानं एकदा लावून सोडून दिलं असतं. आणि ही पोरगी आत तशी बसलेली. तिथं तिला ते ऐकवायचं? बायनाबाईच्या हातावर थंड पाणी पडल्यासारखं झालं. तिनं हात खाली घेतला.

मूल तिसऱ्यांदा हसायला लागलं, तेव्हा तिनं फोन पदरात गुंडाळला आणि पोटाशी घट्ट दाबून धरला. पोरीच्या कानावर जाऊ नये म्हणून. हसणं पदराच्या आत गुदमरत राहिलं आणि थांबलं.

रोशनी बाहेर आली. "आजी, फोन आला होता का माझा?"

"पह्यले हात धू."

"आला होता का?"

"धू व बाई. पाय बी धू." बायनाबाईनं स्वतःच्या पिण्याच्या गडव्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं. मग तिला आपल्या स्टुलावर बसवलं. "दोन घोट पे." पोरगी बावरून प्याली. एवढं सगळं करून मग बायनाबाईनं पदर सोडला आणि फोन तिच्या हातात दिला. आपण एका लेकराला जपलं असं तिला वाटत होतं.

रोशनीनं फोन लावला. भावाचा आवाज एवढा मोठा होता की बायनाबाईलाही सगळं ऐकू आलं.

"कुठी होती तू? कुठी होती व?"

"मूलच्या स्टँडवर हाये मी. काय झालं हेमराजभाऊ?"

"माय बोलली! दोन दिवसानं तोंड उघडलं तिनं. म्हणे, रोशनीले लावून दे, तिच्याशी बोलाचं हाये. मी लावला न. तिच्या कानालेच धरून ठेवला होता. ते म्हणून राह्यली, रोशनी, रोशनी... अन् तिकडं नुसती घंटी वाजे. तीनदा लावला मी."

"आता दे न मंग. दे तिच्यापाशी."

पलीकडून दवाखान्यातली भांडी वाजल्याचा आवाज आला.

"भाऊ, दे न."

"आता कोणाले देऊ, रोशनी?"

वामनरावानं दाण्यांची पुडी बांधता बांधता हात थांबवला. मघाची जाडजूड बाई रांगेतून पुढे आली आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रोशनी रडली नाही. तिनं फोनकडे पाहिलं, मग ओल्या हातांकडे, मग बायनाबाईकडे.

"आजी, तुमी आवाज काऊन नाई देला?"

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती, गाडी कोणत्या फलाटावर लागली असं विचारावं तसं. बायनाबाईनं तोंड उघडलं. तळं, पोचू, रुखमा, टमरेल, सगळं एकदम ओठाशी आलं, आणि त्यातलं काहीच या पोरीच्या कामाचं नव्हतं.

कंडक्टरनं शिटी मारली. रोशनी उठली. बायनाबाईनं तिचा दंड धरला आणि स्टूल, टोपली, टोपलीतले लोकांचे तीन फोन, सगळं तसंच टाकून तिला गाडीपर्यंत नेलं. खिडकीशी जागा करून दिली. गाडी हलली तेव्हा रोशनीनं फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता, आतलं पाणी सांडू नये तसा.

परत येऊन बायनाबाई स्टुलावर बसली. कितीतरी वेळ तिनं कोणाला फोन मागितला नाही. बायका आपणच ठेवून जात होत्या.

तिच्या गावात बातमी माणूस घेऊन यायचं. चालत यायचं, अंगणात थांबायचं. आणि मरणाची बातमी थांबवली म्हणून जास्त मरण होत नाही, तिला घटकाभर तोंडात धरता येतं. फोनलाही ती तसाच निरोप्या समजली होती. त्या टोपलीत निरोप्या नव्हता, माय होती. लेकीचं नाव घेत होती, आणि बायनाबाईनं तिलाच पदरात गुंडाळून गप्प केलं होतं.

पुढे कितीतरी दिवस गडचिरोलीची गाडी लागली की ती उतरणाऱ्या बायकांचे चेहरे बघायची. रोशनी पुन्हा दिसली नाही.

टोपली तिनं ठेवली. पण आता फोन वाजला की ती उठायची. सांधे धरलेले होते, तरी उठायची. दारावर बोटानं टकटक करायची, दार बोटभर उघडलं की तोंड भिंतीकडे फिरवून फोन आत द्यायची.

बायका वैतागायच्या. "अव बाई, सुखानं बसू बी देत नाई तुमी!"

"पह्यले त घेऊच देत नव्हती," दुसरी म्हणायची. "आता आत आणून देते. म्हतारीचं डोस्कं फिरलं वाट्टे."

वामनराव ऐकायचा, पण आता तो त्यावर काही विनोद करायचा नाही.

फोन आत दिल्यावर बायनाबाई लगेच परत फिरायची नाही. भिंतीला टेकून, डोळे मिटून, दाराबाहेर उभी राहायची. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे तिला कळत होतं, तरी पहिले दोन शब्द कानावर पडेपर्यंत तिचा पाय उचलत नसे.

"हावो," आतून बाईचा आवाज यायचा, वैतागलेला. "फडताळात हाये न तेल, वरच्या खणात. अन् वांगे नको करू, बाबाले नाई चालत."

मग बायनाबाई हळूहळू चालत आपल्या स्टुलाकडे यायची.