न बघता सांग

औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तिला सगळे 'कारकून' म्हणायचे. बाई शिंकल्या तरी ही लिहून घेईल, अशी तिची ख्याती होती. चार रंगांची पेनं, पट्टीने आखलेले समास आणि बाईंचा एकही शब्द न सुटलेली जाडजूड वही. परीक्षा आली की अर्ध्या वर्गाचं पान त्या वहीवाचून हलत नसे.

तरीही पहिल्या चाचणीत तिला चाळीसपैकी नऊच पडले. दुसरीत वीसच्या खाली गेलीस तर वार्षिक परीक्षेला बसू देता येणार नाही, असं बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आता दुसऱ्या चाचणीला चार दिवस राहिले असताना वही बसमध्ये राहिली.

ती धावतपळत डेपोत गेली. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीतल्या माणसाने दोन छत्र्या, एक डबा आणि लहान मुलाचा एकच बूट पुढे केला. "वही नाही आली, पोरी."

कॉलेजात बाकावरची मैत्रीण वाटच बघत होती. तिला झेरॉक्स काढायची होती.

"हरवली? आत्ताच बरी हरवली!"

"खरंच गं. डेपोत जाऊन आले."

"द्यायची नसेल तर तोंडावर सांग. तुझ्याच वहीवर मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, ते खुपतंय ना तुला?"

आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले. कारकुनाचे कान तापले. खोटं बोलली असती तर निदान उत्तर तरी सुचलं असतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई नुकतीच हॉस्पिटलातून परतली होती. सकाळची पाळी करून आलेली, पाय पसरून बसलेली नर्स. तिला बघताच लेकीचा बांध फुटला. वही, मैत्रीण, सगळं भडाभडा बाहेर पडलं आणि त्यासोबत ते नऊही.

"नऊ?" आईचा आवाज एकदम खाली गेला. "आणि दीड महिना तू गप्प?"

लेक मान खाली घालून बसली.

"वहीत काय होतं?" आईने विचारलं.

"सगळं होतं."

"सगळं म्हणजे? सांग ना."

तिने तोंड उघडलं. हिरवी चौकट डोळ्यांपुढे आली, लाल शाईतला मथळा आला. चौकटीत काय लिहिलं होतं, ते काही केल्या येईना. वही हरवली नसती तरी हेच झालं असतं!

"नवी होते तेव्हा मीही पेशंटचे कागदच्या कागद उतरवून घ्यायची," आई म्हणाली. "पाळी संपली की पुढच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून द्यावा लागतो. आमच्या मोठ्या सिस्टरने एकदा हातातला कागद काढूनच घेतला. म्हणाली, पेशंट काय कागदात झोपलाय? न बघता सांग." ती सरसावून बसली. "समज, मी पुढच्या पाळीची सिस्टर. पहिला धडा सांग. अडलीस की पुस्तकात बघ, पुस्तक मिटव, परत सांग. लिहायचं ते अर्ध्या पानात, तुझ्या शब्दांत."

पहिल्या दिवशी एका धड्यात ती अकरा वेळा अडली. आई दर वाक्याला "का?" विचारायची. तिसऱ्या दिवशी आईने अचानक पहिला धडा काढला, तर निम्मा उडालेला. तिला रडू कोसळलं.

"विसरलीस ते आज कळलं. परवा चाचणीत कळलं असतं तर?" आईने पाणी दिलं आणि पुन्हा सुरुवात केली.

चाचणीच्या दिवशी लेखी पेपर कसाबसा झाला. मग तोंडी. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काही गोळ्या गिळायच्या नसतात, जिभेखाली ठेवायच्या असतात. त्या लवकर का लागू पडतात?"

डोकं पाटीसारखं कोरं. बाईंचं पेन मार्कांच्या रकान्यावर टेकलं. तेव्हा ती मनातल्या मनात गोळीच्या मागोमाग निघाली.

"गिळली तर... पोटात, आतड्यात, आणि तिथून रक्तातून आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे नाक्यावरचा तपासनीस, बराचसा माल तिथेच मोडतो. जिभेखालून ती थेट रक्तात शिरते. नाका लागतच नाही."

"हे वाक्य माझं नाही," बाई म्हणाल्या.

"नाही बाई. माझं आहे."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय, ते तिला दिसलं नाही.

तीन दिवसांनी फलकावर यादी लागली. कारकून, तेवीस. मैत्रीण, सोळा.

"तुझ्यामुळे," मैत्रीण दातओठ खात म्हणाली.

"उद्यापासून दुपारी दोघी बसू या? एकीने सांगायचं, दुसरीने विचारायचं."

मैत्रीण उत्तर न देता निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने बाक बदलला. ते कारकुनाला फार लागलं.

आईला मात्र तिने यादी लागली त्याच दुपारी मार्क सांगितले, दारातूनच. आईने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "उरलेले सतरा कुठे गेले?"

तिला हसू आलं. मग ती जमिनीवर बसली आणि कोणता प्रश्न कुठे चुकला, ते एकेक करून आठवायला लागली.