मातीत घातलं की मातीचं

पहिला दगड धाकट्याने मारला, खोटं कशाला बोला. ट्रॅक्टरचा दिवा फुटला, काचा उडाल्या, तरी थोरला थांबेना.

"बाजूला हो, नाहीतर तुलाही गाडीन!" तो वरून गरजला.

"गाड! पण तो कागद मातीत घालायचा नाही!"

कागद म्हणजे वाफ्यांवर अंथरलेलं काळं प्लास्टिक. कागदाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण सगळे कागदच म्हणत आले, आणि घोळ तिथेच झाला. कागद म्हटलं की माणसाला वाटतं, भिजेल, कुजेल, जाईल.

तीन वर्षांपूर्वी थोरल्याने तो आणला तेव्हा धाकट्याने नाक मुरडलं होतं. मग टरबुजं अशी लागली की पाय ठेवायला जागा नाही. तण बंद, पाणी निम्म्यावर, आणि दोघांच्या बायकांचं दिवसदिवस वाकून खुरपणं संपलं. "काय भाऊजी, ठेवा आता नावं!" वहिनीने चिडवलं, तेव्हा धाकट्याने सगळ्यांदेखत कान पकडले होते.

पण हंगाम संपल्यावर तो उचलायचा कोणी? उन्हाने त्याचं पार भुसकट होतं, ओढावं तर हातात तुकडा येतो. दोघा भावांनी चार दिवस वेचला, जेमतेम तीन वाफे झाले. तेव्हा थोरल्याने वडिलांचं बोलणं उकरून काढलं. वडील म्हणायचे, मातीत घातलं की मातीचं होतं. बिचारे पाचोळ्याबद्दल बोलायचे, शेणाबद्दल बोलायचे. थोरल्याने तेच कागदाला लावलं आणि ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर जोडून फिरत्या पात्यांनी सगळा मातीत कालवला. दर वर्षी हेच. आता कुदळ मारावी तिथे काळ्या चिंध्या निघत. पाणी वरच तुंबे. परवा धाकट्याने मेलेली रोपं उपटली, तर मुळं चिंध्यांवर अडून आडवी वळलेली. आई-बापाने दोघांत मिळून ठेवलेलं हे एकच शेत. ते मेलं तर पोरांच्या हातात काय ठेवायचं?

म्हणून आज धाकटा ट्रॅक्टरवर चढला. थोरल्याने तोंडावर लाथ घातली. ओठ फाटला, पण धाकट्याने तोच पाय धरून त्याला खाली खेचला. पन्नाशीला टेकलेले दोन बाप्ये सरीत लोळले. थोरला छातीवर बसला आणि त्याने भावाच्या तोंडात मूठभर माती कोंबली.

"खा! लाडकी ना तुझी? खा!"

धाकटा थुंकला. मातीबरोबर रक्त आलं आणि बोटभर काळी चिंधीही आली.

"बघ दादा, काय चारतोस ते!"

थोरल्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. धाकट्याच्या हाताला फावडं लागलं. त्याने दांडा असा हाणला की थोरल्याची भुवई उकलली. रक्त पुसत, शिव्या देत थोरला उठला आणि पुन्हा ट्रॅक्टरवर जाऊन बसला. हट्ट म्हणजे काय, तो त्या घरात पाण्यासारखा भरलेला.

दहा पावलं गेला नसेल, रोटाव्हेटर अडकला. कागदाचे वेढे बसून पाती जागच्या जागी कुरकुरत राहिली. थोरला विळा घेऊन उतरला. बंद केला तर ट्रॅक्टर पुन्हा लवकर चालू होत नसे, म्हणून चालूच ठेवला.

'आधी बंद कर!' शब्द धाकट्याच्या ओठांपर्यंत आले. आले आणि त्याने गिळले. चेचू दे जरा बोटं, येईल अक्कल, असं त्याच्या मनात आलं.

थोरल्याने वेढा कापला. पाती मोकळी झाली आणि त्याचा हात आत ओढला गेला. कोपरापर्यंत. तो आवाज धाकट्याला मरेपर्यंत सोडणार नाही.

धाकटा धावला, चावी फिरवली. कोपराखाली काही उरलं नव्हतं, रक्ताच्या नुसत्या चिळकांड्या. दोरी कुठली आणायची? त्याने ठिबकची नळी उपसली, विळ्याने तोडली आणि दंडाला करकचून बांधली. रक्त थांबलं. तेही प्लास्टिकच. नसतं तर थोरला तिथेच संपला असता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई जखमेतून चिमट्याने काळे तुकडे काढत होत्या, किती तरी वेळ. शेवटी म्हणाल्या, "काही आतच राहिलेत. मांसात शिरलं की सगळं निघत नाही."

थोरला शुद्धीवर आला तेव्हा धाकटा उशाशी होता. त्याला राहवलं नाही. "दादा, मला दिसत होतं. मी तुला ओरडून सांगितलं नाही." आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

थोरल्याने पांघरूण सरकवून दंडाचं बांधलेलं टोक पाहिलं.

"हात कुठंय?"

"शेतातच. पात्यांनी पार... मातीत गेला, दादा."

"जाऊ दे. तो मातीचा होईल," थोरला म्हणाला. "तू तेवढा कागद वेच."