लाडोबाचं लाळेरं

भुरकेसाहेबांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. बसच्या दांड्यांची, लिफ्टच्या बटणांची, दुसऱ्याच्या रुमालाची आणि स्वतःच्याही कालच्या रुमालाची. हॉटेलात ते ग्लासाची कड कागदाने पुसायचे आणि मग त्या कागदाकडे असं बघायचे की वेटरच ओशाळायचा. नवीन लग्न झालेलं असताना बायकोने लाडात येऊन त्यांच्या ताटातला घास उचलला, तर त्यांनी अख्खं ताटच तिच्याकडे सरकवलं आणि स्वतःसाठी दुसरं वाढून घेतलं. तिला ते बरेच दिवस प्रेम वाटत होतं.

आणि अशा माणसाचं काम काय, तर दिवसभर थुंकायचं.

ते चहाच्या कंपनीत चहा चाखायचे. लांबलचक ओट्यावर कपांची रांग लागायची. प्रत्येक कपातला चमचाभर चहा ते अशा आवाजात ओढायचे की पाणी यायच्या आधी नळ खेकसतो तसं वाटावं. भुरका जितका जोरात, तितका चहाचा फवारा टाळूपासून नाकाच्या मागच्या गल्लीबोळापर्यंत पोचतो. मग तो तोंडात घोळवायचा आणि चाकं लावलेल्या उंच पितळी पिकदाणीत पिचकारी मारायची. भुरके हे नाव या भुरक्यांवरूनच पडलेलं. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आठवायला पगार करणाऱ्यालाही डोकं खाजवावं लागायचं.

"स्वतः थुंकता त्याची नाही वाटत किळस?" बायको विचारायची.

"ते काम आहे."

"आणि घरी सूप पिताना जो आवाज करता, तो ओव्हरटाइम का?"

सगळं बरं चाललं होतं आणि कंपनी विकली गेली. नव्या मालकीणबाई आल्या, त्यांनी चष्म्यावरून चाखायच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एका कंपनीला दोन जिभा कशाला?"

दुसरी जीभ होती जंटलमनची. हा भुरकेसाहेबांच्याच वयाचा, पण इस्त्रीतला माणूस. थुंकतानासुद्धा तोंडासमोर रुमाल धरायचा, म्हणून हे नाव. मालकीणबाईंनी ठरवलं, दोघांची परीक्षा घ्यायची. कपांची रांग, नाव-गाव काही न सांगता. एका कपात मुद्दाम खोट घातलेली. जो ओळखेल तो राहील, दुसऱ्याला निरोपाचा हार घालू.

भुरकेसाहेबांना जीभ सोडली तर दुसरं काही येत नव्हतं. या वयात, नुसते भुरके मारणाऱ्या माणसाला कोण नोकरी देणार? त्यांनी धसका घेतला. आणि धसका घेतला की त्यांच्या तोंडाचं पाणी पळायचं. जीभ म्हणजे पुठ्ठा. आणि पुठ्ठ्याला चव कळत नाही. डॉक्टरांनी लिंबू चोखायला सांगितलं, पण चाखणाऱ्याने लिंबू चोखलं की दिवसभर सगळ्या चहांना लिंबाचीच चव येते.

अशात घरी लाडोबा आला.

बायकोची मावशी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात पडली. तिचा कुत्रा कोण सांभाळणार? "आपणच की!" असं बायको म्हणाली, तेव्हा भुरकेसाहेब शॉवरखाली होते. बाहेर आले तर तो दारात.

लाडोबा म्हणजे ओल्या गादीला पाय फुटलेले. ओठ असे लोंबलेले की त्यातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत यायच्या, मध्येच तुटायच्या, आणि मान हलवली की भिंतीवर जाऊन चिकटायच्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळा चिकटा. कानांना आंबलेल्या मोज्यांचा वास. बसल्या जागी वारा सोडायचा आणि मग दचकून, हे कुणी केलं, अशा नजरेने भुरकेसाहेबांकडे बघायचा. मधूनच गालिच्यावर बूड टेकून, पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचा. मावशीने त्याला गळ्यात बांधायला बाळाचं लाळेरं दिलं होतं. त्यावर बदकं होती. आता ती बदकं चिखलात पोहत असल्यासारखी दिसायची.

"अगं, हा प्राणी आहे का गळणारा नळ?"

"मुकं जनावर आहे. मावशीशिवाय त्याचं काय होत असेल, विचार करा."

त्याचं काय होत होतं ते सगळ्या इमारतीला कळत होतं. लाडोबा दाराकडे तोंड करून रडायचा. वर मान करून एकच सूर, गळा भरून. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई वर आल्या आणि म्हणाल्या, "कुणी गेलं का हो?"

परीक्षा तोंडावर आलेली. भुरकेसाहेब जेवणाच्या टेबलावर कप मांडून सराव करायला बसले, कानांत कापसाचे बोळे घालून. काही चव लागेना. वैतागून त्यांनी एक लांब, कडकडीत भुरका मारला.

रडणं थांबलं.

लाडोबाने मान वळवली. साहेबांनी दुसरा भुरका मारला. लाडोबा उठला, फतक फतक करत आला, टेबलाखाली शिरला आणि साहेबांच्या पायावर हनुवटी टेकवून त्याने मोठा उसासा सोडला.

"मावशी बशीतून असाच चहा ओढते," बायको हळूच म्हणाली. "त्याला ती आठवली हो!"

भुरकेसाहेबांना मात्र पावलावर काहीतरी कोमट पसरताना जाणवलं. लाळ मोज्यातून झिरपली, बोटांच्या बेचक्यांत शिरली.  त्यांची कानशिलं गार पडली, आणि ओकारी येण्याआधी येतं तसं तोंडात पाण्याचं नुसतं तळं झालं.

ते तसेच थांबले. मग सावकाश चमचा उचलला, भुरका मारला. डोंगरउताराचा चहा. पावसाच्या आधी खुडलेला. किंचित जास्त वाळवलेला. सगळं स्वच्छ, काचेतून पाहावं तसं.

"बघा!" बायकोने डोळ्याला पदर लावला. "आधार देतोय तो तुम्हाला."

"आधार कसला! ओकारी येतेय मला."

"मग पाय का नाही काढत?"

भुरकेसाहेबांनी पुढचा कप ओढला.

मग रोज तेच चाललं. साहेब भुरके मारायचे म्हणून लाडोबा शांत, आणि लाडोबा गळायचा म्हणून साहेबांची जीभ ओली. साहेबांनी त्याच्यावर एकदाही हात फिरवला नाही. रोज रात्री ते पाय साबणाने घासायचे, मग साबण टाकून द्यायचे. पण सराव असा पक्का झाला की नळाचं पाणी कुठल्या टाकीतलं तेही ते सांगायला लागले.

परीक्षेच्या दिवशीच मावशीचं ऑपरेशन निघालं. बायको सकाळीच दवाखान्यात गेली. लाडोबाला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. मास्तरीणबाईंनी पोलिसांचा नंबर दाराला चिकटवून ठेवला होता. शेवटी साहेबांनी त्याला गाडीत घातलं आणि कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या खोलीत बांधलं.

"चावतो का हो, साहेब?"

"चावला असता तर बरं होतं. तेवढी दोरी घट्ट बांध."

चाखायच्या खोलीत नियम कडक. अत्तर नाही, तेल नाही, वासाचा साबण नाही. कांदा खाऊन आलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या खोलीत चहा सोडून कशाचाही वास नसतो, याची चाखणाऱ्याला देवावर नसेल एवढी खात्री असते. आणि भुरकेसाहेब तिथे गेले ते ॲप्रनच्या खिशात एक घट्ट झाकणाची डबी घेऊन. डबीत लाडोबाचं ताजं, निथळणारं लाळेरं. ते घड्या घालून डबीत कोंबताना त्यांनी चिमटा वापरला होता, तरी दोनदा खिडकीपर्यंत धावावं लागलं.

मालकीणबाई खुर्ची टाकून बसल्या. जंटलमन रांगेच्या या टोकाला, साहेब त्याच्या मागे, पिकदाणी मधोमध. जंटलमन एकेका कपाबद्दल ठामपणे बोलत पुढे चालला. साहेबांनी पहिला चमचा ओढला. पुठ्ठा. दुसरा. पुठ्ठाच. घाम फुटला.

त्यांनी खिशात हात घातला आणि अंगठ्याने डबीचं झाकण उचललं.

आहाहा! म्हणजे, शी! साठलेल्या डबक्याचा, आंबलेल्या मोज्याचा, म्हाताऱ्या कुत्र्याच्या हिरड्यांचा असा एक सणसणीत भपका वर आला. साहेबांचं तोंड पाण्याने भरलं. ते भरभर चाखायला लागले. हा नदीकाठचा, हा डोंगराचा, हा मागच्या वर्षीचा, नव्यात मिसळलेला. मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या.

आणि पुढे जंटलमन थबकला.

त्याने चमचा परत कपात घातला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "हा कुजलाय." पुढचा कप. "हाही." त्याच्यापुढचा. "बाई, हे काय आहे! हा तर... मेलेल्या जनावराच्या गोदामात ठेवला होता का?" बिचाऱ्याच्या नाकात वास पक्का शिरला होता. आणि या खोलीत वास येतो तो कपातूनच, हे तो आयुष्यभर मानत आला होता. राहिलेली सगळी रांग त्याने चाखली, थुंकली आणि कुजकी ठरवली.

"त्यातले तीन माझ्या घरी रोज पितात," मालकीणबाई थंडपणे म्हणाल्या.

भुरकेसाहेबांना मनातून लाज वाटली. पण फार नाही, कारण तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. लाडोबाने भुरके ऐकले होते. दोरी वॉचमनच्या खुर्चीला बांधलेली. त्यामुळे आधी लाडोबा आत आला, मग खुर्ची आली, आणि शेवटी, "साहेब, माझी खुर्ची!" करत वॉचमन.

लाडोबाने सरळ साहेबांचं ॲप्रन गाठलं, खिशात तोंड घातलं आणि आपलं लाळेरं सगळ्यांसमोर बाहेर ओढून काढलं. सगळ्या खोलीला वासाचा उगम कळला. जंटलमनने रुमाल नाकाला लावला. "मी म्हणत होतो ना! कुजलंय म्हणून!"

"भुरके," मालकीणबाई उठल्या, "हे काय आहे?"

"लाळेरं, मॅडम."

"ते माझ्या चहाच्या खोलीत कशाला?"

"त्याशिवाय मला... तोंडाला पाणी सुटत नाही."

हे वाक्य मनात बरं वाटलं होतं. बाहेर पडल्यावर ते फार वाईट ऐकू आलं. मालकीणबाईंनी डोळे मिटले. "परीक्षा रद्द. दोघंही घरी जा. मी माझा माणूस आणते."

तेवढ्यात लाडोबाला पिकदाणी दिसली. त्याने दोन पाय वर टेकले, मुंडकं आत घातलं आणि दोन माणसांनी सकाळभर तोंडात घोळवून थुंकलेला चहा लपालपा प्यायला सुरुवात केली. वॉचमन भिंतीकडे वळला. जंटलमन रुमालातच खोकायला लागला. "अहो, धरा त्याला!" मालकीणबाई किंचाळल्या आणि पिकदाणी चाकांवरून सरकली, कलंडली, लाडोबाच्या डोक्यावर रिकामी झाली.

भेदरून त्याने रडायला तोंड वर केलं. साहेबांनी घाईघाईने एक भुरका ओढला, नुसत्या हवेचा. लाडोबा गप्प झाला. साहेब त्याच्यावर वाकले, दोरी सोडवायला. आणि भिजलेला कुत्रा जे करतो तेच त्याने केलं. नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं.

भुरकेसाहेबांचं तोंड भुरक्यासाठी उघडं होतं.

जिभेच्या बरोबर मध्यावर पडलं ते. कोमट. साहेब हलले नाहीत. जगात याहून घाण काही असू शकत नाही, हे त्यांना शांतपणे कळलं. पण जीभ कुणाचं ऐकते? ती कामाला लागली. त्यांच्या गालांची सवयीने हालचाल झाली.

"रॉकेल," ते म्हणाले.

"काय?"

"शेवटच्या कपांपैकी एकात रॉकेल आहे, मॅडम. चहात नाही, तो ज्या पेटीत होता तिच्या लाकडाला लागलंय. थेंबभर. मी तो कप चाखलेला नाही. जंटलमननी थुंकलाय."

मालकीणबाई खाली बसल्या. खोट हीच होती. पेटीखाली रॉकेलची चिंधी त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्या साहेबांकडे बघत राहिल्या. मग पिकदाणीकडे, कुत्र्याकडे, स्वतःच्या ओल्या चपलांकडे.

"हे तुम्ही... यातून ओळखलंत?"

साहेबांनी मान हलवली. तोंड उघडायची आता सोय राहिली नव्हती.

"उद्यापासून तुम्ही एकटे," त्या म्हणाल्या. मग घाईने, "हात पुढे करू नका. लांबूनच अभिनंदन."

"या माणसाला?" जंटलमन रुमालातून म्हणाला. "शी!"

"शी तर आहेच," मालकीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही माझा चांगला चहा फेकायला निघाला होतात."

भुरकेसाहेबांनी ते सगळं ऐकलं, लाडोबाची दोरी धरली, कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत मोजून पावलं टाकत गेले, आणि इतक्या दिवसांचं पोटात अडवून ठेवलेलं सगळं मोकळं केलं.  आधाराला काहीतरी हवं होतं म्हणून हात खाली गेला आणि एका ओल्या, चिकट, वास मारणाऱ्या टाळक्यावर टेकला. टाळकं हललं नाही. उलट सगळं अंग त्यांच्या पायाला रेलून घट्ट उभं राहिलं. खिशात फोन वाजला. बायको सांगत होती की मावशी शुद्धीवर आली, आणि पहिलं विचारलं ते लाडोबाचंच.

"कसा आहे हो तो? घाबरला नाही ना?"

साहेबांनी खाली पाहिलं. लाडोबा जिभल्या चाटत, बेसिनकडे आशेने बघत उभा होता.

"मजेत आहे," ते म्हणाले. मग फोनवर हात ठेवून, दात ओठ खाऊन, पण त्याच्या टाळक्यावरचा हात न काढता, "हे नाही मिळणार तुला. गलिच्छ मेला!"