नत्थुजी पहिलवानांची पालथी कुस्ती

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात नत्थुजी पहिलवानांचा आखाडा होता, आणि त्या आखाड्यात एक नियम देवाच्याही वर होता. दम लागला तरी दाखवायचा नाही. तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा आणि समोरच्याकडे बघून हसायचं; आपण थकलो हे त्याला कळलं की कुस्ती गेलीच म्हणून समजा. नियम कुस्तीपुरता चांगलाच होता. पण सत्तरी गाठलेल्या माणसानं तोच नियम कोरोनाला लावला, तर त्याला काय म्हणावं? पहिलवानी अंगात मुरते आणि अक्कल आखाड्यात राहून जाते, असं आशाबाई म्हणायच्या. त्या बायको होत्या, त्यामुळे त्यांना तो हक्क होता.

त्या वर्षी सोयाबीन परतीच्या पावसानं सडलं होतं, कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती, आणि त्यावर कळस म्हणजे दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे हा आजार पुन्हा उसळला. नत्थुजी एका लग्नाला जाऊन पोटभर जेवून आले. मग ताप आला, कोरडा खोकला आला, आणि एक दिवस ते म्हणाले की वांग्याच्या भाजीला काही चव नाही. उभ्या संसारात आशाबाईंच्या हातच्या भाजीला नाव ठेवायची त्यांची हिंमत झाली नव्हती. आजार खरा आहे हे त्या माउलीनं तिथंच ओळखलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईनं येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा चौऱ्याऐंशीवर अडकला. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, असं ती घरोघरी सांगत होती. नत्थुजी हसले. हे यंत्र नाजूक बोटांसाठी केलंय, पहिलवानाच्या अंगठ्याएवढ्या बोटात ते काय वाचणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. या न्यूमोनियाची खोडच तशी होती: आतलं फुप्फुस भरत जायचं आणि वरून माणूस गप्पा मारत बसायचा. त्यात हे तर दम लपवण्यातले उस्ताद. पण ओठ निळसर पडले होते आणि बोलताना ते मधेच थांबून मिशीवरून हात फिरवत होते. आशाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अवो, एक वाक्य न थांबता बोलून दाखवा. मग नोका जाऊ दवाखान्यात."

नत्थुजींनी तोंड उघडलं. तीन शब्द झाले आणि श्वास संपला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भीती वाटली, आणि ती त्यांच्या तोंडावर दिसली. आशाबाईंनी भावकीतल्या पोराची जीप बोलावून घेतली.

अमरावतीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. जिथं काळं दिसायला हवं तिथं दोन्ही बाजूंनी पांढरं पसरलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला, स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली, रक्त घट्ट होऊ नये म्हणून पोटात सुई टोचू लागले. हे सगळं त्यांनी मुकाट सोसलं. पण वॉर्डातल्या तरुण डॉक्टर दामिनीबाईंनी सांगितलं की आता पालथं झोपायचं, आणि पहिलवान बिथरले. दामिनीबाईंनी नीट समजावलं. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो, उताणं झोपलं की तो दबतो, पालथं झोपलं की मोकळा होतो. आकडा वर आला नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल, आणि या वयात तिथून फार थोडे परत येतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

नत्थुजींनी मान हलवली. पालथा पडून राहतो तो पहिलवान नव्हे, कासव. असं त्यांनी मास्कमधूनच तुटक तुटक सांगितलं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवर पालथ्या पडलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली.

"बाई, ते कासव म्हन्ते ते मीच हावो."

तो अकोल्याचा नबी पहिलवान होता. तरुणपणी मूर्तिजापूरच्या कुस्त्यांच्या फडात या दोघांची गाठ पडली होती. नत्थुजींनी त्याला खाली घेतलं खरं, पण नबी जो मातीला पालथा चिकटला तो काही केल्या उलटेना. पाठ लागल्याशिवाय हार नाही, त्यामुळे कुस्ती बरोबरीत सुटली. तेव्हापासून नत्थुजी चारचौघांत त्याला कासव म्हणत, आणि त्या रागानं नबीनं त्यांच्या गावचा रस्ता सोडला होता. आता दोघांच्या मधे फक्त ऑक्सिजनच्या नळ्या होत्या. नबीच्या डोक्याजवळच्या पडद्यावर त्र्याण्णव दिसत होते, नत्थुजींच्या पडद्यावर पंच्याऐंशी.

नत्थुजींनी तो आकडा पाहिला आणि त्यांच्या पोटात दुखलं. नबी आपल्या पुढे! नबीनंही त्यांची नजर ओळखली, पण तो हसला नाही.

"नत्थू, त्या दिवशी तू माह्यावर बसला होता. आज हे दुखनं तुह्यावर बसलं हाये. पाठ लावू देऊ नोको त्याले."

नत्थुजींनी पुन्हा एकदा नबीच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. मग ते कुशीवर झाले आणि पालथे पडले. दामिनीबाईंनी छातीखाली आणि कमरेखाली उशा सरकवल्या. जुन्या सवयीनं त्यांनी कोपरं बरगड्यांना आवळली, तशी नबीनं पडल्या पडल्या उस्तादी सुरू केली. कोपरं सैल सोड, इथं तुले घिस्सा मारून उलथवाले कोनी बसलं नाई, असं तो म्हणाला. वॉर्डातले चार आजारी खोकत खोकत हसले.

ही कुस्ती सोपी नव्हती. मान आखडायची, स्टेरॉइडनं साखर चढली म्हणून इन्सुलिनही टोचलं जायचं. मधेच अंगातलं बळ संपून त्यांना उताणं व्हावंसं वाटायचं. तसे ते कलले की नबी हाक मारायचा, आणि नबीचा डोळा लागला की नत्थुजी त्याच्याकडे लक्ष ठेवायचे. आकडा मुंगीच्या पावलानं चढत गेला, एकदा घसरला, पुन्हा चढला. त्र्याण्णववर आला तेव्हा दामिनीबाईंनी नळीचा विषय बंद केला. दोघांनी उकडलेली अंडी पैज लावून खाल्ली.

शेवटी मास्क निघाला. दामिनीबाईंनी दोघांना वॉर्डभर चालवलं. आकडा पंच्याण्णवच्या खाली आला नाही, आणि त्या दमलेल्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी सोडण्याच्या दिवशी फाटकाबाहेर आखाड्याचे चार पट्ठे मास्क लावून, डफडं घेऊन उभे होते. सोबत आशाबाई होत्या, त्यांच्या हातात गुलाबी फेटा. डफडं वाजू लागलं. उस्तादांनी कोरोनाला चीत केलं, असं पट्ठे म्हणू लागले. आशाबाईंनी फेटा पुढे केला. नत्थुजींनी तो घेतला आणि मागून काठी टेकत येणाऱ्या नबीच्या डोक्यावर दोन्ही हातांनी बांधला. मग पंच विजेत्याचा हात वर करतो तसा नबीचा हात धरून उंच केला.

"यानं शिकवलं म्हून मी जितलो हावो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता त्याले कासव म्हनन्याची कोनाची हिंमत असन, तं त्यानं आंधी माह्यासंगं कुस्ती खेळावी."

नबीनं काठी काखेत धरली आणि डोक्यावरचा फेटा चाचपून पाहिला. पट्ठ्यांनी डफडं दुप्पट जोरानं वाजवलं, आणि आशाबाई पदरात तोंड लपवून रडल्या आणि हसल्या.